तापणारे इंजिन आणि बिघडलेले कूलंट : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात निदानाचा आढावा

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याला भिडलेले असून पूर्वेला आणे पठारासारख्या अवर्षणप्रवण भागापर्यंत पसरलेले आहेत, आणि मोटारीचे इंजिन तापण्यास अनुकूल अशी जवळजवळ प्रत्येक परिस्थिती या टापूत वर्षभरात कधी ना कधी येऊन जाते. श्रावणात घोडेगाव-डिंभे मार्गाने भीमाशंकरकडे निघालेल्या वाहनांची रांग चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते. पावसाळी पर्यटक भरलेल्या गाड्या घेऊन कल्याणच्या बाजूने माळशेज घाट चढतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आणि मंचरच्या बाजारात पिकअप गाड्या इंजिन चालू ठेवून उन्हात खोळंबतात. आणि गाळपाच्या हंगामात विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर उडणारा पाचटाचा भुगा रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतो. अशा वेळी गाडी तापली की घाट, ऊन आणि ओझे या तिघांवर दोष टाकला जातो आणि प्रश्न तेथेच मिटल्यासारखा वाटतो. परंतु त्याच घाटातून, त्याच दिवशी, तेवढेच ओझे घेऊन इतर गाड्या बिनतक्रार जातात, याचा विचार केला तर घाट हे कारण नसून ती केवळ परीक्षा आहे, हे मान्य करावे लागते. नापास होण्याची कारणे बहुतेक वेळा इंजिनात फिरणाऱ्या द्रवातच लिहिलेली असतात, आणि सिलिंडर हेड उघडण्यापूर्वी तो द्रव वाचण्याची पद्धत अजून पुरेशी रुजलेली नाही, हा या आढाव्याचा मुख्य मुद्दा आहे.

इंधनाच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग उपयुक्त कामात रूपांतरित होतो, तेवढाच धुरावाटे निघून जातो आणि उरलेला मुख्यतः शीतकरण व्यवस्थेला बाहेर टाकावा लागतो. हे काम करणारा द्रव म्हणजे कूलंट. तो पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण असतो. वॉटर पंप, ज्याला गॅरेजच्या बोलीत ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, हा द्रव ब्लॉक आणि सिलिंडर हेडमधून फिरवतो; थर्मोस्टॅट, म्हणजे मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागते आणि तापलेला द्रव रेडिएटरकडे सोडते; आणि पंखा किंवा गाडीचा वेग यांनी मिळणारा वारा रेडिएटरमधील उष्णता घेऊन जातो. ग्लायकॉलमुळे द्रव अधिक उष्णता वाहून नेतो अशी समजूत सर्रास आढळते, पण ती उलटी आहे, कारण उष्णता सामावण्याच्या बाबतीत शुद्ध पाणी या मिश्रणापेक्षा सरस असते. ग्लायकॉलचे मोल गोठणबिंदू खाली आणि उत्कलनबिंदू वर नेण्यात आहे, आणि जुन्नरच्या हवामानात पाणी गोठण्याचा प्रश्न गाडीपुरता उद्भवत नसल्याने येथे त्याच्या दुसऱ्या गुणाचे आणि त्याहूनही सोबतच्या गंजरोधकांचे महत्त्व अधिक आहे.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा मुद्दाही तपासून पाहण्याजोगा आहे. जुन्नर शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांना उकळते. म्हणजे उंचीमुळे होणारे नुकसान जेमतेम दोन अंशांचे आहे. याउलट रेडिएटरचे झाकण हे दाब धरून ठेवणारे यंत्र असून ते वातावरणापेक्षा साधारण १ बार अधिक दाब टिकवते, आणि त्या दाबाखाली निव्वळ पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास, तर निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल हे मिश्रण १२५ ते १३० अंशांच्या दरम्यान उकळते. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबरी सील चिरले की वीसएक अंशांची ही सवलत एकदम नाहीशी होते. घाटात गाडीने ‘पाणी उडवले’ म्हणून हेड गॅसकेटचा संशय घेतला जातो, आणि दोष मात्र सर्वांत स्वस्त अशा या सुट्या भागात असू शकतो. झाकणात दुसरी, उलट दिशेने उघडणारी झडपही असते. इंजिन निवताना ती राखीव टाकीतील द्रव आत ओढू देते, आणि ती चिकटली तर थंड इंजिनावर होज पाइप आत चेपलेला दिसतो. झाकणाचा दाब हातपंपाच्या साध्या उपकरणाने काही मिनिटांत तपासता येतो, तरी ते उपकरण न वापरताच पुढच्या खर्चाकडे वळण्याची घाई केली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

उन्हाळ्याचा वाटा मात्र खरा आहे. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे द्रव आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. द्रव ९५ अंशांवर आणि हवा हिवाळ्यात १५ अंशांवर असेल तर हा फरक ८० अंशांचा असतो, तर एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या हवेत तो ५५ वर येतो, म्हणजे व्यवस्थेची क्षमता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. सुस्थितीतील गाडीत एवढी घट पचवण्याइतकी जादा क्षमता मुळातच ठेवलेली असते. आधीच निम्म्या नळ्या तुंबलेल्या रेडिएटरमध्ये ती उरलेली नसते. म्हणून गाडी नेमकी केव्हा तापते, हा निदानाचा पहिला प्रश्न ठरतो. रांगेत उभी असताना किंवा सावकाश चालताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल तर दोष वाऱ्याचा, म्हणजे विजेच्या पंख्याचा, त्याच्या रिलेचा किंवा पिकअप-जीप वर्गातील सिलिकॉन तेलावर चालणाऱ्या क्लच-पंख्याचा असण्याचा संभव मोठा. उलट पुणे-नाशिक महामार्गावर वेगात किंवा चढावर ओझ्याखाली तापत असेल तर प्रवाहाचा, म्हणजे तुंबलेल्या नळ्या, झिजलेले पंपाचे पाते किंवा शोषणाने चेपणारा खालचा होज पाइप यांचा विचार करावा लागतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे या दोघांच्या फटीत साचलेला पाचटाचा भुगा समोरून पाहिल्यास दिसतच नाही. तो काढण्यासाठी आतल्या बाजूने, कमी दाबाने पाणी मारावे लागते, कारण सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पट्ट्या दुमडतात आणि काम सुधारण्याऐवजी बिघडते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे द्रवाकडे वळता येईल. या परिसरातील खडक हा दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, असून त्यातून विहिरी व बोअरवेलमध्ये येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगा मानला आहे; पण माणसाला चालणारे पाणी इंजिनाला चालतेच असे नाही. बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन तळाशी, आणि विशेषतः सर्वांत तप्त पृष्ठभागावर, खाराच्या थराच्या रूपाने बसतो. हा थर उष्णतेचा इतका मंद वाहक असतो की ओतीव लोखंडाच्या तुलनेत त्यातून उष्णता वीसएक पटींनी कमी वेगाने जाते. परिणामी तापमापकाचा काटा मध्यावर असतानाही एक्झॉस्ट झडपेजवळची धातू धोक्याच्या तापमानाला पोहोचलेली असू शकते. घरोघरच्या पाणी तापवण्याच्या बंबात साठणारा पांढरा खार हाच पदार्थ आहे.

विहिरीचे पाणी इंजिनात घालण्याच्या सवयीला शेतीतील यंत्रांचा इतिहास कारणीभूत असावा असे मानायला जागा आहे. पाणी उपसणाऱ्या अनेक डिझेल पंपसंचांत उपशाच्याच पाण्याचा काही भाग इंजिनाच्या आवरणातून फिरून पाटात पडत असे. तेथे पाणी सतत नवे, तापमान कमी आणि ओतीव लोखंड जाड, त्यामुळे त्या यंत्रांनी ते पाणी वर्षानुवर्षे सोसले. मोटारीची व्यवस्था बंद असते, तिच्यात ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ, रबर आणि प्लॅस्टिक एकाच द्रवात राहतात, आणि गंजरोधकाविना भिन्न धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्षरण सुरू होते. दर आठवड्याला थोडे थोडे पाणी घालणारा चालक त्यामुळे दोन नुकसाने एकदम करतो: प्रत्येक वेळी नवा खार आत जातो आणि गंजरोधकाचे प्रमाण घटत जाते. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी हा या प्रश्नाचा स्वस्त उपाय आहे. गावोगावच्या आरओ केंद्रांतील पाणी त्याच्या खालोखाल, पण विहिरीच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरे म्हणावे लागेल. मात्र डिस्टिल्ड पाणी मागताना बॅटरीचे ॲसिड हाती येणार नाही याची खात्री करणे आवश्यक आहे.

कूलंटच्या रंगाविषयी जेवढा गोंधळ आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असेल. हिरवे म्हणजे जुन्या पद्धतीचे सिलिकेट-फॉस्फेटयुक्त, आणि तांबडे किंवा गुलाबी म्हणजे सेंद्रिय आम्लांवर आधारलेले दीर्घायुषी, असा ढोबळ संकेत असला तरी रंग हा केवळ मिसळलेला रंगच असतो आणि त्यावर कोणत्याही मानकाचे बंधन नाही. निरनिराळ्या रसायनांची कूलंट एकत्र केली असता काही वेळा गंजरोधके निष्प्रभ होतात, तर काही वेळा जेलीसारखा चिकट गाळ तयार होऊन हीटरच्या अरुंद नळ्या आधी आणि रेडिएटर नंतर तुंबतो. डब्यावरील जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ अशी मानकांची नोंद आणि वाहनाच्या पुस्तिकेतील शिफारस हेच ग्राह्य धरणे योग्य. डब्यातील द्रव आधीच पाणी मिसळलेला आहे की घट्ट स्वरूपातील आहे, हेही वाचले पाहिजे. घट्ट द्रव तसाच ओतल्यास उष्णता वाहण्याची क्षमता घटते. मिश्रणाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे द्रवाच्या थेंबातून प्रकाश किती वळतो ते दाखवणाऱ्या छोट्या नळीने, अचूक कळते. मात्र ते प्रमाण ठीक असले म्हणजे गंजरोधके शाबूत आहेत असे नव्हे. त्यासाठी आम्लता पाहावी लागते, आणि सामू (पीएच) ७ च्या जवळ किंवा खाली उतरलेला द्रव बदलण्याजोगा समजावा.

दूषित द्रवाच्या निदानात सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी चाचणी म्हणजे स्वच्छ काचेची बरणी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरमधून काढलेला पेलाभर द्रव बरणीत रात्रभर स्थिर ठेवला तर गंज आणि खार तळाशी बसतात, तेल वर तरंगते, आणि विसंगत कूलंटचा गाळ मध्येच गुठळ्यांच्या रूपात राहतो. वरचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकून वाळवल्यास तेलाचा पारदर्शक डाग कायम राहतो, गंजाचा मात्र केवळ तपकिरी रंग उरतो. राखीव टाकीतील तपकिरी चिखल पाहून ‘ऑइल-पाणी एक झाले’ असा निष्कर्ष काढण्याआधी एवढी खातरजमा झाली तर काही हेड विनाकारण उचलली जाण्यापासून वाचतील.

तेल खरोखरच मिसळलेले असेल तरीही आरोपी एकच नसतो. डिझेल इंजिनांत आणि आता अनेक पेट्रोल इंजिनांतही तेल थंड करणारा ऑइल कूलर असतो, त्यात तेल आणि कूलंट पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कित्येक बार, तर कूलंटचा दाब १ बारच्या घरात असल्याने पत्रा फुटल्यास तेल कूलंटमध्ये शिरते, आणि इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य होऊन उरलेल्या दाबाने कूलंट तेलात जाऊ शकते. टाकीत भरपूर तेल, पण गेजवरील, म्हणजे तेलाची पातळी मोजण्याच्या पट्टीवरील, तेल जवळजवळ स्वच्छ, आणि सिलिंडरांचे कॉम्प्रेशन समान, अशी स्थिती असेल तर हेड गॅसकेटच्या आधी ऑइल कूलर तपासला पाहिजे. उलट गेजवरील तेल दुधाळ झाले असून त्याची पातळी वाढली असेल तर कूलंट तेलात जात आहे हे निश्चित, आणि तशा अवस्थेत इंजिन एक मिनिटही चालवणे बेअरिंगांच्या जिवावर बेतते. येथे एक अपवाद सांगणे आवश्यक आहे: हिवाळ्यात केवळ गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तेल भरण्याच्या टोपणाखाली मलईसारखा थर जमतो, तो इंजिनात साचलेल्या बाष्पाचा असतो, आणि गेज स्वच्छ असल्यास त्याने घाबरून जाण्याचे कारण नसते. तेल शिरलेल्या व्यवस्थेतील रबरी होज फुगून मऊ पडतात, कारण त्यांचे रबर तेलाला टिकणारे नसते. म्हणून मूळ दोष काढल्यानंतर नुसती धुलाई पुरत नाही, होजही बदलावे लागतात.

हेड गॅसकेट म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधील पत्र्याची सील. ॲल्युमिनियमचे हेड तापल्यावर लोखंडी ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि एकदा अतिशय तापलेले हेड निवताना वाकडे होऊ शकते. म्हणून गॅसकेट उडणे हे तापण्याचे कारणही असते आणि परिणामही, आणि मूळ कारण न शोधता केलेले ‘हेड फेसिंग’ (हेडचा पृष्ठभाग सपाट करणे) काही महिन्यांत पुन्हा करावे लागते. गॅसकेटमधून ज्वलनाचा वायू द्रवात शिरत असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर, द्रव कोमट होण्याच्याही आधी, वरचा होज पाइप हाताला कडक लागतो. खात्रीसाठी ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रावणाची चाचणी केली जाते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा द्रावणातून ओढली असता कार्बन डायऑक्साइडमुळे ते पेट्रोल गाडीत पिवळे होते. डिझेल इंजिनात सावकाश चालताना ज्वलनवायूत कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने ते बहुधा हिरवटच होते, आणि केवळ ओझ्याखाली उघडणारी बारीक चीर उभ्या गाडीत अजिबात सापडत नाही. त्यामुळे होकारार्थी निकाल विश्वसनीय असला तरी नकारार्थी निकालावर विसंबून राहता येत नाही. तशा वेळी सिलिंडरमध्ये एकेक करून दाबाची हवा सोडून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, हे पाहणे अधिक निर्णायक ठरते.

कूलंट घटते पण ना गळती दिसते, ना तेलात भेसळ, ना गॅसकेटचा पुरावा, अशी कोडी आधुनिक डिझेल गाड्यांत वाढली आहेत, आणि त्यांचे उत्तर अनेकदा ईजीआर कूलरमध्ये असते. प्रदूषण घटवण्यासाठी धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारा हा भाग आतून फुटला की कूलंट थेट धुरात मिसळते आणि पांढऱ्या वाफेच्या रूपाने निघून जाते. सीएनजी गाड्यांत आणखी एक फाटा आहे. वायूचा सुमारे २०० बारचा दाब उतरवताना रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यात इंजिनाचे गरम कूलंट फिरवलेले असते. मागाहून बसवलेल्या किटमध्ये या जादा नळ्यांच्या उंच वळणांत हवा अडकून राहते आणि कूलंट बदलल्यानंतर लगेच गाडी तापू लागते. हा दोष हवा नीट काढल्यास जातो. त्यासाठी इंजिनाला हात लावण्याची गरज नसते.

उसाच्या वाहतुकीचे ट्रॅक्टर आणि अवजड वाहने यांच्या इंजिनांत सिलिंडरचे अस्तर, म्हणजे लायनर, अनेकदा थेट कूलंटच्या संपर्कात असते. ज्वलनाच्या धक्क्यांनी लायनर कंप पावतो, त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे बनून फुटतात आणि धातू टोकरली जाऊन अखेर आरपार छिद्र पडते. अवजड डिझेलसाठीच्या कूलंटमधील खास रसायने या पृष्ठभागावर संरक्षक थर धरतात, साध्या पाण्याकडून ते होत नाही.

घाटमाथ्यावर आणि खाली सारखीच रूढ असलेली एक पद्धत स्पष्ट शब्दांत नाकारली पाहिजे, ती म्हणजे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे. यामुळे इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचत नाही, इंधन अधिक जळते आणि तेलात ओलावा साचतो. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती आतला जवळचा मार्ग बंद करते, त्यांत तो काढल्यावर गरम द्रव रेडिएटर टाळून तसाच परत फिरतो आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. थर्मोस्टॅटची परीक्षा तापत्या पाण्याच्या भांड्यात तापमापी ठेवून घरीही करता येते. गळती बुजवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद किंवा बाजारी ‘स्टॉप लीक’ घालणे रस्त्यावरून गावापर्यंत पोहोचण्यापुरते क्षम्य आहे, पण त्यानंतर व्यवस्था धुऊन काढली नाही तर बारीक नळ्याही त्याच पदार्थाने बुजतात. तुंबलेल्या नळ्यांतून सळई फिरवण्याचे आणि डाग देण्याचे कसब तांबे-पितळेच्या रेडिएटरसाठी उत्तम होते. प्लॅस्टिकच्या टाक्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला ते लागू पडत नाही, आणि त्यात खार काढण्यासाठी तीव्र ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरणे म्हणजे रेडिएटरचाच नाश करणे होय.

तापमापकाच्या काट्यावरही मर्यादेपलीकडे विश्वास टाकता येत नाही. संवेदक द्रवात बुडालेला असेल तरच तो द्रवाचे तापमान सांगतो. सगळे पाणी उडून गेल्यावर तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो, नेमका तेव्हाच, जेव्हा इंजिन जाम होण्याच्या बेतात असते. चढावर काटा आधी वर जाऊन मग एकाएकी खाली आला, तर ती दिलासा देणारी खूण समजू नये. गाडी तेथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला स्पर्श करू नये.

काढलेल्या कूलंटची विल्हेवाट हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक असून त्याची अल्प मात्राही कुत्र्याचा किंवा लहान मुलाचा जीव घेऊ शकते. कुकडी, मीना आणि घोड यांच्या खोऱ्यांत गॅरेजसमोरचे गटार शेवटी ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो. काढलेला द्रव झाकणबंद डब्यात, त्यावर नाव लिहून, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावा, आणि गुलाबी किंवा हिरवे दिसणारे हे विष पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कोणत्याही परिस्थितीत भरू नये.